पुदिन्याचे रसग्रहण

एकतीस वर्षे मी महाविद्यालयात मराठी शिकवले. खरे सांगायचे तर एकतीस वर्षे मी रसग्रहण शिकवले. 'पुढील कवितेचे रसग्रहण करा, गुण ८' या एका प्रश्नावर माझा संसार उभा राहिला, फ्लॅटचे हप्ते फिटले, मुलाचे शिक्षण झाले. मुले कवितेतला रस काढत आणि तो कुठे सांडत हे देव जाणे. चोथा मात्र न चुकता उत्तरपत्रिकेत येई. तो मी तपासत असे. या सगळ्या काळात प्रत्यक्ष रस असा जो मी ग्रहण केला, तो कॉलेजच्या फाटकासमोरच्या रसवंतीगृहात, आले-लिंबू घालून, अर्धा ग्लास. निवृत्तीनंतर मात्र एका निराळ्या रसाच्या ग्रहणाचा योग आला आणि जुन्या सवयीने मी लाल पेन घेऊन बसलो.

घडले ते असे. एप्रिल महिना, शनिवारची दुपार. पुण्यात एके काळी उन्हाळ्यातसुद्धा संध्याकाळी वारे सुटत आणि पुणेकर त्याचे श्रेय स्वतः घेत. हल्ली चाळीस अंशांचे श्रेय घ्यायला कोणी पुढे येत नाही. चिरंजीव आणि सूनबाई बंगळुराहून सुट्टीवर आले होते. सूनबाई मंडईतून आली ती पुदिन्याच्या चार जुड्या घेऊन. चार! आमच्या घरात पुदिना येतो तो कोथिंबिरीच्या जुडीचे शेपूट धरून, चार काड्यांनी, आणि तोही भाजीवाल्याशी घासाघीस करून फुकट.

"भेळ करायची आहे का गं?" सौ.ने विचारले.

"नाही आई, आज गच्चीवर मोहितो करणार आहोत."

मोहितो! शब्द कानावर पडताच माझ्यातला व्याकरणाचा मास्तर जागा झाला. मोहणे, मोहवणे, मोहितो. अस्सल पंतकवींच्या वळणाचे क्रियापद. "मोहितो, पण कोण कोणास?" मी विचारले.

"बाबा, ते क्यूबातलं कॉकटेल आहे. रम, लिंबू, साखर, पुदिना आणि सोडा."

म्हणजे क्रियापद नव्हे, नाम. मागाहून मी व्युत्पत्ती शोधली. कोणी म्हणतात, क्यूबात लिंबाच्या रसाचे 'मोहो' नावाचे एक तोंडीलावणे असते त्यावरून हा शब्द आला. कोणी म्हणतात, 'किंचित ओला' अशा अर्थाच्या स्पॅनिश शब्दावरून आला. पंडितांचे एकमत नाही हे वाचून बरे वाटले. परका असला तरी शब्द चांगल्या घरचा असावा.

"घरात?" सौ. म्हणाली. या एका शब्दात तिच्या माहेरच्या तीन पिढ्या उभ्या होत्या.

"घरात नाही गं, गच्चीवर," चिरंजीव म्हणाले. मुलाने वकील व्हायला हवे होते.

"परवाना आहे का?" मी विचारले. महाराष्ट्रात दारू प्यायला आजही परवाना लागतो आणि कडक दारूसाठी पंचवीस वर्षे पूर्ण असावी लागतात, ही गोष्ट पुष्कळ पिणाऱ्यांना माहीत नसते. मला फारसे न पिता माहीत होती. ती कशी, हे पुढे येईल. चिरंजीवांनी खिशातून परवाना काढून दाखवला. मी तो चष्मा लावून दोन्ही बाजूंनी वाचला. पहिला आक्षेप फेटाळला गेला.

आता संहिता. कोणत्याही कलाकृतीची समीक्षा करायची तर आधी मूळ संहिता हवी. मी सूनबाईकडे लेखी कृती मागितली. तिने एक छापील कृती-पुस्तिका दिली. एका माणसासाठी: पुदिन्याची आठ-दहा पाने, दोन चमचे साखर, वीस मिलिलिटर लिंबाचा रस, पंचेचाळीस मिलिलिटर पांढरी रम, बर्फाचा चुरा आणि वरून सोडा. लागणारा वेळ: पाच मिनिटे.

या शेवटच्या ओळीइतके कल्पनारम्य वाङ्मय मी अलीकडे वाचलेले नाही. चार जुड्यांची पाने खुडायला मला आणि सौ.ला पस्तीस मिनिटे लागली. पुदिन्याच्या जुडीत पुदिना, माती, गवत आणि एखादा गोगलगाईचा बच्चा असे सहजीवन असते. पुस्तिकेत गोगलगाईचा उल्लेख नव्हता. बर्फाचा चुरा करण्यासाठी चिरंजीवांनी बर्फ पंचात गुंडाळून वरवंट्याने ठेचला, तेव्हा खालच्या मजल्यावरचे अण्णा वर येऊन 'फरशी बदलताय का?' असे विचारून गेले. पाककृतीची पुस्तके आणि प्रेमकथा यांच्यात हा दोष समान आहे. दोन्ही धुणे-निवडणे वगळून सुरू होतात.

परंतु संहितेतले खरे दुर्बोध स्थळ पुढेच होते. पाने आणि साखर ग्लासात घालून 'मडल' करा, असे त्यात म्हटले होते. मडल म्हणजे काय? इथे माझी भाषा माझ्यावर उलटली. इंग्रजीत एक शब्द आहे. मराठीत स्वयंपाकघरातल्या हिंसेसाठी स्वतंत्र शब्दकोश लागेल. कुटणे, चेचणे, ठेचणे, वाटणे, रगडणे, घोटणे, मळणे, कुस्करणे, चुरडणे, खरडणे. लसूण ठेचायची, आले चेचायचे, चटणी वाटायची, वरण घोटायचे, केळे कुस्करायचे. आमच्या बायकांनी प्रत्येक पदार्थाला त्याच्या लायकीप्रमाणे मार ठरवून दिलेला आहे. मग पुदिन्याला कोणता?

सौ.ने या वादात वेळ घालवला नाही. पुदिना म्हणजे वाटायचा. तिने मूठभर पाने, साखर आणि लिंबू मिक्सरमध्ये फिरवून आणले. त्यावर चिरंजीवांनी रम आणि सोडा ओतला. ग्लासात जे तयार झाले ते पाहून मला आमच्या गावच्या तळ्याची आठवण झाली. चवीला ते कडवट, तुरट आणि पाणीपुरीच्या पाण्याने अपमानाचा बदला घ्यावा तसे होते. सोड्याच्या बुडबुड्यांवर हिरवा साका तरंगत होता.

"मीठ कमी आहे," सौ. म्हणाली.

याचे शास्त्रीय कारण आहे आणि रसग्रहणात ते सांगणे अवश्य आहे. पुदिन्याचा सुगंध पानाच्या पोटात नसतो, पाठीवर असतो. पानाच्या पृष्ठभागावर तेलाच्या बारीक बारीक ग्रंथी असतात. नुसत्या दाबाने त्या फुटतात आणि वास मोकळा होतो. तुम्ही पान वाटलेत की आतला हिरवा रस बाहेर येतो आणि त्याबरोबर कडूपणा आणि गवताची चव. चटणीत हे चालते. तिथे मिरची, मीठ, खोबरे त्याला सांभाळून घेतात. पेल्यात सांभाळून घ्यायला कोणी नसते. तेव्हा योग्य क्रियापद यांपैकी कोणतेच नव्हे. योग्य क्रियापद 'दाबणे'. साखरेच्या दाण्यांवर पाने ठेवून रवीच्या बोंडाने पाच-सहा वेळा, आजारी माणसाचे पाय चेपावेत तितक्या जोराने. आणि वर सजावटीला जो तुरा खोचायचा तो आधी तळहातावर ठेवून दुसऱ्या हाताने एक टाळी वाजवायची. फक्त एक. वास नाकाजवळ राहतो.

हे कळले आणि मी चपापलो. एकतीस वर्षे मी मुलांना कविता वाटायला लावत होतो. दाबायला सांगायला हवे होते.

दुसरा ग्लास नीट जमला. आता इतिहास. मोहितो हवानाचा. तिथल्या 'स्लॉपी जोज' नावाच्या बारने १९३०च्या दशकात गिऱ्हाइकांसाठी ज्या पुस्तिका छापल्या, त्यांत मोहितोची कृती आहे. हवानातल्याच 'बोदेगीता देल मेदिओ' या बारमध्ये हेमिंग्वेच्या हस्ताक्षरातला म्हणून एक कागद चौकटीत लावलेला आहे; त्यात मोहितोसाठी हीच जागा, अशा अर्थाचे प्रशस्तिपत्र आहे. ते अस्सल की नंतर चिकटवलेले, याबद्दल अभ्यासकांना दाट शंका आहे. आपल्याकडे अमृततुल्य चहाच्या दुकानात नटांचे फोटो लावतात, त्यातलाच हा प्रकार. साहित्यिकाचा दारूच्या जाहिरातीला उपयोग होतो, हे वाचून मराठी लेखकांना हेवा वाटेल. आपल्या लेखकांचा दंतमंजनालाही झाला नाही.

पण पुदिन्याच्या पेयांचे आद्य घराणे क्यूबाचे नव्हे. ते 'मिंट जुलेप'चे. अमेरिकेच्या केंटकी राज्यातल्या लुईव्हिल गावी दर मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी घोड्यांची मोठी शर्यत होते. १८७५ सालापासून चालू आहे. तिथे लोक बर्बन व्हिस्की, साखर, पुदिना आणि बर्फाचा चुरा घातलेले जुलेप पितात. त्याच्याही आधी, १८०३ साली छापलेल्या एका इंग्रज प्रवाशाच्या पुस्तकात, व्हर्जिनियातली मंडळी पुदिना घातलेला मद्याचा घोट सकाळीच घेतात, अशी नोंद आहे. सकाळी! आणि आपण त्या देशाला कष्टाळू म्हणतो.

जुलेप या शब्दापाशी मात्र मी उठून उभा राहिलो. हा शब्द मूळचा फारसी 'गुलाब', म्हणजे गुल-आब, गुलाबपाणी. अरबीत गेल्यावर 'ग'चा 'ज' झाला: जुलाब. अरबी वैद्य कडू औषध घशाखाली उतरावे म्हणून गोड सुगंधी पाक देत, तो हा जुलाब. तोच फ्रेंचमार्गे इंग्रजीत जाऊन जुलेप झाला आणि अमेरिकेत जाऊन व्हिस्कीला मिळाला. आणि तोच आपल्याकडे येऊन काय झाला, हे मराठी माणसाला सांगायला नको. एकाच घरातले दोन भाऊ. एक केंटकीला जाऊन चांदीच्या पेल्यात बसला, दुसरा एरंडेलाच्या बाटलीशेजारी. सरबत आणि शराब या शब्दांचेही तसेच. दोन्ही एकाच अरबी धातूचे, 'पिणे' या अर्थाच्या. एक हळदीकुंकवाला आला, दुसऱ्याला दाराबाहेर उभे केले.

ही माहिती मी गच्चीवर सर्वांना दिली. सूनबाईने हातातला ग्लास खाली ठेवला. शास्त्रीय ज्ञानाचा असा तात्काळ परिणाम मी वर्गात कधी पाहिला नव्हता.

चांदीच्या पेल्यावरून आठवले. जुलेप चांदीच्या पेल्यात देतात. धातू लवकर गार होतो, बाहेरून दवासारखा थर जमतो, आणि तो हाताच्या उबेने जाऊ नये म्हणून पेला कडेला किंवा बुडाशी धरतात. मी सहज म्हणालो, "आपल्याकडे आहे की एक चांदीचा पेला, कपाटात."

"तो तुमच्या मुंजीतला आहे!" सौ.चा आवाज अण्णांपर्यंत गेला असावा. जुलेपचा बेत तिथेच संपला.

आता या कलाकृतीच्या मुख्य दाव्याकडे वळू. दावा असा की हे उन्हाळ्याचे पेय आहे, थंडावा देते. या दाव्याला माझा ठाम आक्षेप आहे. पुदिन्याच्या कुळातल्या पेपरमिंटमध्ये, आणि उत्तर प्रदेशात बाराबंकीकडे 'मेंथा' म्हणून जे पीक घेतात त्यात, मेंथॉल असते. आपल्या त्वचेत आणि जिभेवर थंडीची वर्दी देणारे एक ग्राहक प्रथिन असते. मेंथॉल त्यालाच जाऊन चावी लावते. २००२ साली शास्त्रज्ञांनी हे प्रथिन शोधून काढले आणि स्पर्श व तापमान आपल्याला कसे कळते या संशोधनाबद्दल २०२१ साली डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापूटियन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मथितार्थ असा की मेंथॉलने काहीही थंड होत नाही. थंड झाल्याची फक्त बातमी येते. आपल्या जुडीतल्या पुदिन्यात तर मेंथॉल नावालाच असते. त्याचा सुगंध मुख्यतः कार्व्होन नावाच्या द्रव्याचा. म्हणजे ही बातमीसुद्धा त्रोटक.

रमची गोष्ट याहून वाईट. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, अंगाला ऊब वाटते आणि लघवीवाटे शरीरातले पाणी कमी होते. तेव्हा मोहितोच्या ग्लासात खरोखर थंडावा देणारे कोण? बर्फ आणि पाणी. बाकी सगळे स्वागत समितीचे सभासद. शुद्ध समीक्षकाच्या भूमिकेतून सांगायचे तर रम काढून टाकली की मोहितो उन्हाळ्याचे निर्दोष पेय होते, आणि मग त्याला लिंबाचे सरबत म्हणतात.

इतके सगळे मनात मांडून मी नीट जमलेला तो ग्लास अखेर तोंडाजवळ नेला. वरचा पुदिन्याचा तुरा नाकाला लागला. आणि माझे सगळे मुद्दे गळून पडले, कारण मला शनिवारचा वास आला.

लहानपणी आमच्या घरात शनिवारला एक वास होता. माझे वडील, तात्या, सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. शनिवारी अर्ध्या दिवसाची कचेरी. संध्याकाळी ते माजघरामागच्या खोलीत जात, पडदा ओढत. आई आम्हांला परवचा म्हणायला बसवी आणि त्या दिवशी तो जरा मोठ्याने म्हणायला लावी. तासाभराने तात्या बाहेर येत. ओट्यावर बसत, मला हाक मारत आणि खिशातून पेपरमिंटची पांढरी गोळी काढून माझ्या तळहातावर ठेवत. त्यांच्या तोंडाला पेपरमिंटचा घमघमाट येई. आठवडाभर न हसणारा माणूस त्या दिवशी हसे. मला वाटे, तात्यांना पेपरमिंट इतके आवडते की ते खोलीत एकटे बसून खातात, आणि तरी माझ्यासाठी एक राखून ठेवतात. पुदिन्याचा वास म्हणजे वडिलांचा लाड, हे समीकरण माझ्या डोक्यात तेव्हा बसले ते अजून उठलेले नाही. गोळीतले पेपरमिंट आणि जुडीतला पुदिना यांचे नाते चुलत आहे, हे मला आता कळते. पण नाकाला आठवण यायला चुलत नाते पुरते.

खरा उलगडा झाला तो मी चोवीस वर्षांचा असताना. कॉलेजातली पहिली नोकरी, पहिला पगार. सहकाऱ्यांनी धरून नेले. मी आयुष्यात प्रथम बिअर प्यालो, अर्धी बाटली, आणि घाबरून कोपऱ्यावरच्या दुकानातून पेपरमिंटच्या सहा गोळ्या घेऊन सगळ्या एकदम तोंडात टाकल्या. घरी आलो. शनिवार होता. दार तात्यांनी उघडले. दाराच्या आत ते, बाहेर मी, मध्ये उंबरा. दोघांच्याही तोंडाला तोच वास. बोलायचे कोणी आणि काय? तात्यांनी माझ्याकडे पाहिले. मी त्यांच्याकडे पाहिले. जिन्यातला दिवा चाळीस वॅटचा होता, पण तेवढा पुरला. मग ते बाजूला झाले आणि म्हणाले, "झोप जा. उशीर झालाय."

बस्. त्यानंतर तात्या अकरा वर्षे होते. आम्ही पेन्शनवर बोललो, गावच्या जमिनीवर बोललो, माझ्या लग्नावर बोललो. त्या संध्याकाळवर एक अक्षर नाही. ते गेल्यावर त्यांच्या पत्र्याच्या पेटीत पासबुकाच्या घडीत एक कागद सापडला. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याखालचा परवाना, अर्जदाराच्या प्रकृतीच्या रक्षणासाठी दिलेला. दर मुदतीला नूतनीकरण केलेला. कायद्याच्या दृष्टीने तात्यांचे सगळे चोख होते. सरकारला माहीत होते, आईला माहीत होते, दुकानदाराला माहीत असणारच. लपवायचे होते ते फक्त आमच्यापासून. आणि त्या कामावर त्यांनी पेपरमिंटची एक गोळी नेमली होती. प्रकृतीसाठी घ्यायचे औषध आणि ते झाकायला सुगंधी गोड काहीतरी, म्हणजे अरबी वैद्यांचा मूळ जुलाबच तो. तात्यांना फारसी येत नव्हते.

"बाबा, काय झालं? आवडलं नाही?" चिरंजीवांनी विचारले.

मी पाहिले. माझा मुलगा माझ्यासमोर, उघड्या गच्चीवर, आईच्या देखत, ग्लास हातात घेऊन बसला होता. अण्णांनाही बोलावले होते. पडदा नव्हता. तात्यांकडे पुदिना नंतर येई, पडदा म्हणून. मुलाकडे तो आधीच आला होता, तुरा म्हणून, सगळ्यांना दिसेल असा. दोन पिढ्यांत मराठी मध्यमवर्गात काय बदलले, यावर मोठमोठी परिसंवाद-सत्रे झाली आहेत. मला वाटते, पुदिन्याची जागा बदलली.

हा बदल चांगला आहे. एवढे नि:संदिग्ध विधान मी समीक्षेत सहसा करत नाही. पण समीक्षकाने इथेच थांबता कामा नये. कारण पुदिना जागा बदलला तरी गुण बदलत नाही. पहिला ग्लास मी सरबतासारखा संपवला. दुसराही. तिसऱ्यासाठी मी हात पुढे केला तेव्हा सौ. शांतपणे म्हणाली, "अहो, दोन झाले." मला खरेच वाटत नव्हते. मग मी हिशोब केला. पंचेचाळीस त्रिक एकशे पस्तीस. क्वार्टर एकशे ऐंशीची. म्हणजे तिसरा घेतला असता तर माझ्यासारख्या उसाच्या रसाच्या माणसाने एका बैठकीत पाऊण क्वार्टर रम पोटात घातली असती, आणि तीही 'कसलं छान लिंबूपाणी आहे' असे म्हणत. हीच रम कोणी मला नुसती ग्लासात ओतून दिली असती, तर मी वासानेच खुर्ची मागे सरकवली असती. तात्यांचा पेपरमिंट दुसऱ्यांपासून लपवत होता. हा पुदिना पिणाऱ्यापासूनच लपवतो. साखर आणि लिंबू त्याचे साथीदार.

या बाबतीत मला गोवेकरांचे उन्हाळी पेय वाङ्मयीन दृष्ट्या अधिक प्रामाणिक वाटते. काजूच्या बोंडांचा रस आंबवून पहिल्या उकळीत जी निघते ती उर्राक. पुन्हा उकळून कडक केली की तिची फेणी होते. फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. उर्राक बिचारी मार्च ते मे एवढीच. तिच्यात घरोघर लिंबू, मीठ, लिम्का आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालतात. त्या मिरचीचे मला कौतुक आहे. ती काही झाकत नाही. प्रत्येक घोटाला जिभेला टोचून सांगते, बाबा रे, हे सरबत नव्हे. आणि उर्राकेचा वास पुदिन्याच्या चार जुड्यांना आवरत नाही. माणूस जिन्यात असतानाच वरच्या मजल्याला वर्दी पोचते. तात्या गोव्यात जन्मले असते तर त्यांना पडदा ओढून उपयोग झाला नसता, आणि कदाचित ओट्यावर आमचे बोलणे झाले असते.

असो. गुणदान. आशय: पाचापैकी तीन, रम आशयघन आहे पण लाजते. अभिव्यक्ती: पाचापैकी साडेचार, वरच्या तुऱ्यासाठी. लागणारा वेळ पाच मिनिटे लिहिल्याबद्दल एक गुण वजा. ज्यांना घरी करायचे असेल त्यांनी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पाने दाबावीत, वाटू नयेत. सोडा शेवटी घालावा. आणि मोजायला शेजारी अशा कोणाला तरी बसवावे, ज्याने आपल्याशी लग्न केलेले आहे. उरलेल्या काड्या फेकू नयेत. खालची पाने काढून पाण्याच्या ग्लासात उभ्या कराव्यात. आठ-दहा दिवसांत मुळे फुटतात, मग कुंडीत लावाव्यात. पुदिना वेडासारखा पसरतो. त्याला स्वतंत्र कुंडी द्यावी, नाहीतर तो तुळशीच्या वृंदावनात शिरतो आणि घरात निष्कारण धर्मचर्चा होते.

चिरंजीव आणि सूनबाई बंगळुरास परत गेले. कुंडी आहे. परवाच्या शनिवारी सौ.ने त्यातली चार पाने खुडून, दाबून, पन्ह्यात घातली. पन्हे उत्तम झाले होते. मी तिला हा लेख वाचून दाखवला. गुणांपर्यंत ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "मोहितोला दिलेत ते ठीक. आणि मामंजींच्या गोळीला किती?"

मी लाल पेनाचे टोपण लावले. परीक्षकाने नात्यातल्या माणसाचा पेपर तपासायचा नसतो, असा विद्यापीठाचा नियम आहे.